मूळ पुरुष राहू दे, आधी आजीशी बोला

गेल्या महिन्यात आमच्या कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म आला. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची आहे, प्रत्येक घरानं माहिती भरून पाठवावी. मुलग्यांसाठी रकाने होते: नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे नाव व माहेर, अपत्ये, पत्ता, विशेष कामगिरी. मुलींसाठी: नाव, जन्म, विवाह झाला असल्यास सासरचे नाव. संपलं.

पाठोपाठ काकांचा फोन. "तू जनुकांवरच पीएचडी करतेस ना? मग या वेळी प्रस्तावनेला दोन पानं विज्ञानाची दे. आपला मूळ पुरुष, आपला डीएनए, असं काहीतरी."

लिहिते म्हणाले, पण आधी जुनी आवृत्ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. एरवी आपण कुलवृत्तांत वाचत नाही, त्यात स्वतःचं नाव शोधतो आणि पुस्तक मिटतो. सलग वाचल्यावर मात्र ते पुस्तक वेगळंच दिसायला लागलं. "घराण्याचा इतिहास शोधायचाय, सुरुवात कुठून करू?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. त्याचं उत्तरही या वाचनातच सापडलं, म्हणून दोन्ही एकत्र लिहिते.

आधी श्रेय

कुलवृत्तांत हा प्रकार मराठीत गेली शंभरेक वर्षं तरी चालू आहे. गोखले, आपटे, बापट अशा कितीतरी आडनावांचे जाडजूड ग्रंथ निघालेत. ज्यांनी ते केले त्यांच्याकडे ना संगणक, ना फोन. निवृत्त झालेले कोणी मास्तर किंवा कारकून गावोगाव पोस्टकार्डं पाठवायचे, उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवायचे, आणि आलेली माहिती हातानं शाखा पाडून लावायचे. रिसर्चच्या भाषेत हे डेटा कलेक्शन, आणि तेही बिनपगारी. मी प्रयोगशाळेत तीनशे सॅम्पलच्या नोंदी सांभाळताना रडकुंडीला येते. यांनी हजारो माणसं सांभाळली.

त्यात खरोखर मोलाची माहिती आहे. कोकणातून देशावर कोण कधी आलं, कोण इंदूर-बडोद्याकडे गेलं, दत्तक कुठून कुठे गेले, कुणाची नोकरी रेल्वेत, कुणाची पोस्टात. बायकांची माहेरची आडनावंही बऱ्याच ठिकाणी आहेत. तेव्हा तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत असेल तर तो जरूर मिळवा. माझा आक्षेप त्याला नकाशा समजून त्यावरून चालायला लागण्याला आहे.

पहिला आक्षेप: भागाकार

आमच्या पुस्तकात मूळ पुरुषाचा काळ १६००च्या सुमाराचा दिलाय. त्याच पुस्तकातल्या वंशवृक्षाप्रमाणे मी त्याच्यापासून नववी पिढी. माझा जन्म १९९७चा. म्हणजे मधली ३९७ वर्षं आणि आठ अंतरं. भागाकार केला तर प्रत्येक अंतर जवळजवळ पन्नास वर्षांचं येतं.

पन्नाशीला मुलगा होऊ शकतो. सलग आठ पिढ्या प्रत्येकाला सरासरी पन्नाशीतच होत गेला, हे मात्र होत नाही. बापापासून मुलापर्यंतचं अंतर सरासरी तीसच्या आसपास धरतात. त्या हिशोबानं इथं तेरा-चौदा पिढ्या हव्या होत्या. एक तर चार-पाच पिढ्या गळल्यात, नाहीतर मूळ पुरुषाचा काळ मागे ढकललाय.

हा भागाकार तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. चूक सापडली म्हणून पुस्तक फेकू नका. पण पहिल्या चार पिढ्यांची माहिती कुठून आली हे पुस्तकात शोधा. आमच्यात तसा एक शब्दही नाही. ऐकीव गोष्ट, देवघरातला कागद आणि सरकारी दाखला, तिन्ही एकाच टाइपात, एकाच ठाम सुरात छापलेत. असा रिपोर्ट मी माझ्या गाईडसमोर ठेवला असता तर पहिल्याच पानावर लाल रेघ आली असती: "सोर्स?"

दुसरा आक्षेप: १०२४ पैकी एक

आपल्याला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजोबा-पणज्या आठ. असं दुप्पट करत दहाव्या पिढीला गेलं की १०२४ जागा होतात. कुलवृत्तांत त्यातल्या एकाच जागेकडे जाणारी वाट दाखवतो: वडिलांचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. बाकीच्या १०२३ जागांचं काय?

शरीरात या एका वाटेनं चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाय गुणसूत्र. आपल्या जनुकसंचात सुमारे ३१० कोटी अक्षरं आहेत असं धरलं, तर वाय गुणसूत्रात त्यातली सहा कोटींच्या आसपास. आणि ते फक्त पुरुषांकडे असतं. म्हणजे काकांच्या "आपल्या डीएनए"मधला आडनावाबरोबर चालत आलेला तो तुकडा माझ्याकडे मुळी नाहीच! उलट आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सगळ्यांकडे असतो. तो फक्त १६,५६९ अक्षरांचा, पण त्याची वाट अगदी स्पष्ट: आई, आईची आई, तिची आई. या वाटेनं चालणारा कुलवृत्तांत मी अजून पाहिलेला नाही.

या १०२४ जागा म्हणजे १०२४ वेगवेगळी माणसं असंही नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल जुनी. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न झालं तर त्यांच्या मुलांना पणजोबा-पणज्या आठ नसतात, सहाच असतात, कारण दोन माणसं दोन्ही बाजूंनी येतात. जातीतल्या जातीत, त्यातही ठरावीक गावांत सोयरीक होत राहिली की पुढे गेलेल्या वाटा मागे पुन्हा पुन्हा एकमेकींना मिळतात. त्यामुळे माणसाच्या पूर्वजांचं चित्र झाडापेक्षा जाळ्यासारखं जास्त दिसतं.

"मग लाळेची टेस्ट केली की सगळं कळेल का?" नाही. डीएनए दर पिढीत कापला आणि जोडला जातो, त्यात काही तुकडे कायमचे गळतात. दहाव्या पिढीतल्या पूर्वजांपैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज आहेतच, पण टेस्टला दिसणार नाहीत. आणि शुद्ध मूळ शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला २०१३चा एक अभ्यास सांगतो की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातल्या जवळजवळ सगळ्या समूहांमध्ये मोठी सरमिसळ झाली. मूळ पुरुषाच्या मागे आणखी थोडं गेलं की सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

तिसरा आक्षेप: "पुढे वंश नाही"

आमच्या पुस्तकात एका चुलत पणजोबांच्या नावापुढे लिहिलंय: पुढे वंश नाही. आणि त्याच ओळीच्या वर त्यांच्या तीन मुलींची नावं आहेत, सासरच्या आडनावांसकट.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. जनुकशास्त्रात कुटुंबाची आकृती काढताना पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ काढतात, कारण वर्तुळं गाळली तर आजार कुठून आला हेच सांगता येत नाही. हिमोफिलियासारखा आजार तर आईकडून मुलात येतो. तिला स्वतःला बहुधा काहीच झालेलं नसतं. तीन मुलींचा बाप निर्वंश, असं धरून आकृती काढली तर ती पहिल्या परीक्षेतच नापास. त्या तिघींची नातवंडं आज कुठंतरी असतील. त्यांच्यात त्या माणसाचा वाटा तेवढाच आहे, जेवढा तो मुलांच्या बाजूनं गेला असता तर असता.

मग कळतं, कुलवृत्तांत हा आडनावाचा इतिहास आहे. कुटुंब त्याहून मोठं असतं. आणि आडनाव तरी किती पक्कं? पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनाची नावं, 'कर' लावलेली गावाची नावं. गाव किंवा काम बदललं की आडनावही बदललेली घरं कमी नाहीत.

ज्यांच्याकडे ग्रंथ नाही

कापडी बांधणीचा कुलवृत्तांत कुणाच्या घरात असतो, हेही बघायला हवं. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या लिहिणं-वाचणं आणि जमीन किंवा वतन होतं, प्रामुख्यानं त्यांच्या. बाकीच्यांच्या वंशावळी दुसरीकडे राहिल्या. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी बैल घेऊन दारात यायचे, घराण्याची नावं म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेल्यांची नावं घालून धान्य घेऊन जायचे. काही ठिकाणी हे काम भाटांकडे होतं.

आणि आजच्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वंशावळी कोण लिहितं? हौशी माणसं नक्कीच नाहीत. बारावीनंतर प्रवेशासाठी जात पडताळणीची फाइल करणारी अठरा वर्षांची मुलं-मुली लिहितात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा शोधायचा, आणि वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची. आजोबांचं नाव लिहिलं तर त्यांचा शाळेचा दाखला जोडा. चुलत आजोबांचं लिहिलं तर ते आपलेच कोण, हे दाखवा. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक किती भाव आला ते आपण पाहिलंच.

गंमत बघा, पुराव्याच्या कसोटीवर त्या अठरा वर्षांच्या पोराची एका पानाची वंशावळ आमच्या सोनेरी अक्षरांच्या ग्रंथापेक्षा सरस ठरते. तिथं प्रत्येक नावामागे कागद मागतात. फक्त दिशा दोन्हीकडे एकच, वडिलांच्या बाजूची. आईच्या आईचं नाव या फाइललाही लागत नाही.

मग सुरुवात कुठून?

स्वतःपासून, आणि वरच्या दिशेनं. मूळ पुरुषापासून खाली येऊ नका. तसं केलं की आपण त्याच्याशी जुळेल तेच शोधत बसतो. एका कागदावर आधी चार आजी-आजोबा लिहा. मग आठ पणजोबा-पणज्या. आठही नावं आत्ता, कुणाला न विचारता लिहिता आली तर मला कळवा. मला पाच आली होती.

प्रत्येक नावापुढे खूण करा: कागद पाहिला, जिवंत माणसानं स्वतः पाहिलेलं सांगितलं, किंवा ऐकीव. या तीन खुणा शेवटपर्यंत सोडू नका.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी आधी बोला, कारण कागद थांबतात. नाव-जन्मसाल असं विचारलं तर "मला नाही गं आठवत" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा प्रसंग विचारा. तुझ्या लग्नाला माहेरचं कोण आलं होतं? पहिलं बाळंतपण कुठं झालं? पानशेत फुटलं तेव्हा तू कुठं होतीस? कोयनेच्या भूकंपाला? बहात्तरच्या दुष्काळात? पानशेत १९६१चं, कोयनेचा भूकंप १९६७चा, त्यामुळे साल आपोआप मिळतं. आणि एक प्रश्न विसरू नका: लग्नाआधी तुझं नाव काय होतं? लग्नात नाव बदललेल्या बाईची माहेरची नोंद वेगळ्याच नावानं असते. हे नाव तिच्याबरोबर गेलं की ते कागद तुम्हाला कधीच सापडणार नाहीत.

मग कागदांकडे वळा. सातबाऱ्यावर समाधान मानू नका, फेरफार काढा. सातबारा आज कुणाचं आहे ते सांगतो, फेरफार ते कसं झालं ते सांगतो. जुन्या उताऱ्यावर "अ.पा.क." दिसलं की थांबा. तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप गेला तेव्हा मुलं लहान होती, आणि तिथं बऱ्याचदा आईचं नाव असतं. वारस नोंद, म्हणजे गाव नमुना ६क, नक्की बघा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं तिथं लागायला लागली. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्र असतं आणि बहिणींची नावं कमी होतात. कागदावर त्या येतात आणि लगेच निघून जातात, पण मधल्या त्या एका ओळीत सगळ्या बहिणी वयाप्रमाणे सापडतात.

शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, हेही बघा. तीर्थाच्या ठिकाणी, नाशिक-त्र्यंबकेश्वरला, उपाध्यायांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की कोण कधी आलं होतं ते निघतं. आणि ज्या घरांत महालय साग्रसंगीत होतो, तिथं श्राद्ध करणाऱ्याला विचारा. त्यात वडील-आजोबा-पणजोबांबरोबर आई, आजी, पणजी आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्यांचीही नावं घेतात. म्हणजे ज्या घरात वंशवृक्षावर पणजी नाही, त्याच घरात दर वर्षी तिच्या नावानं पिंड ठेवला जातो.

थोरली

हे शेवटचं मला आमच्याच घरात कळलं. पुस्तकात पणजोबांच्या नावाखाली लिहिलंय: प्रथम पत्नी, माहिती उपलब्ध नाही. द्वितीय पत्नी, आणि मग माझ्या पणजीचं नाव, माहेर, अपत्यं, सगळं.

आजी आता चौऱ्याऐंशीची आहे. सहज बोलताना म्हणाली, की तिच्या सासूच्या काळात पितृपक्षात अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला असायचीच. मी म्हटलं, कुणासाठी? अविधवा नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. पणजी तर पणजोबांच्या कितीतरी नंतर गेली, आणि त्या वेळी ती स्वतःच तर स्वयंपाक करत होती!

"अगं, ती थोरलीची," आजी म्हणाली. "सासूबाई स्वतः पुरण घालायच्या तिच्यासाठी. सरस्वती नाव. माहेरचं काही ठाऊक नाही बाई."

म्हणजे पुस्तकाला जिची माहिती उपलब्ध नव्हती, तिचं नाव तिच्या जागी आलेल्या बाईनं आयुष्यभर सांभाळलं होतं. त्यानंतर खटपट करून गावाच्या जुन्या कोतवाल बुकातली मोडी नोंद एका जाणकारांकडून वाचून घेतली. १९१८, मानमोडीच्या साथीचं वर्ष. पणजोबांचं नाव, पुढे "याची बायको", वय १९, ताप. तिचं स्वतःचं नाव तिथंही नाही. नाव आजीकडे आणि साल कागदात, दोन्ही जोडल्यावर एक माणूस उभं राहिलं. साल, वय आणि पणजोबांचं नाव यांच्यापुढे मी "कागद पाहिला" अशी खूण केली. "सरस्वती" या नावापुढे आणि ती हीच, या जोडणीपुढे मात्र "ऐकीव".

इथं माझ्या विज्ञानालाही गप्प बसावं लागतं. सरस्वती माझी पूर्वज नाही. तिला मूल झालं नव्हतं, झालं असलं तर जगलं नाही. माझ्या १०२४ जागांत ती नाही, माझ्या एकाही पेशीत तिचं अक्षर नाही. जगातली कुठलीच टेस्ट तिला शोधणार नव्हती. काकांचा ग्रंथ तिला विसरला, आणि माझ्या प्रयोगशाळेला ती दिसलीच नसती. तरीही ती त्या घरात राहिली, त्या घरात गेली, आणि ती गेली म्हणून माझी पणजी त्या घरात आली. तिच्याशिवाय आमचा इतिहास लिहिला तर तो चुकीचा होईल.

म्हणून काकांना प्रस्तावना पाठवली नाही. फॉर्म भरून पाठवला, सोबत एक जादा पान. त्यात तीन सूचना: प्रत्येक नोंदीपुढे माहितीचा आधार लिहावा. मुलींसाठी मुलग्यांइतकेच रकाने असावेत, आणि त्यांची मुलंही घ्यावीत. "पुढे वंश नाही" हे वाक्य पुस्तकातून काढून टाकावं. आणि खाली थोरलीची नोंद, तीन ओळींची.

काकांचं उत्तर आलं: "पानं वाढतील. पण थोरलीचं घेतो. माझी आई तिचं नाव घ्यायची, हे मी पार विसरलो होतो."

तिन्ही सूचनांवर अजून चर्चा चालू आहे. तोवर तुम्ही आठ नावं लिहायला घ्या.